माहिती प्रणाली व्यावसायिक : कौशल्ये व गुण

संस्थेच्या कामकाजातील माहिती गोळा करणे, साठवणे आणि योग्य वेळी योग्य व्यक्तीच्या हाती पोहोचवणे, यासाठी माणसे, कार्यपद्धती व संगणक यांची जी सांगड घातली जाते, तिला माहिती प्रणाली म्हणतात. ती आखणाऱ्या व सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या अंगी असाव्या लागणाऱ्या गुणांचा विचार येथे केला आहे.

या व्यवसायाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार अमेरिकेत छिद्रित पत्रांच्या (माहिती भोकांच्या रूपात नोंदवलेल्या कार्डांच्या) यंत्रांवर हिशेब ठेवणारे कर्मचारी व कचेऱ्यांच्या कार्यपद्धती सुधारणारे तज्ज्ञ हे त्याचे पूर्वज होत. दुसरे मत लंडनच्या जे. लायन्स या चहागृहे चालवणाऱ्या कंपनीकडे वळते. या कंपनीने स्वतः बांधलेल्या ‘लिओ’ संगणकावर नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे नियमित काम सुरू झाले. त्या कामाची उकल करून देणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड कॅमिनर हे संगणकतज्ज्ञ म्हणून नव्हे, तर कंपनीच्या कार्यपद्धतींचे जाणकार म्हणून या कामाकडे आले होते. व्यवहार समजून घेणे हेच या व्यवसायाचे मूळ मानल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

आज्ञावलीलेखन, विदागाराची (डेटाबेसची) रचना, संगणकजाळे व सुरक्षितता यांचे ज्ञान गृहीतच धरले जाते. मात्र कूगर व झवाकी या संशोधकांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणक-कर्मचाऱ्यांमध्ये स्वतःच्या विकासाची ओढ अधिक, तर इतरांच्या सहवासाची गरज कमी आढळली. ऐकून घेणे, नेमके प्रश्न विचारणे आणि ऐकलेले साध्या भाषेत लिहून काढणे ही कौशल्ये त्यामुळे मुद्दाम शिकवावी लागतात, असे म्हणता येईल.

क्षेत्रज्ञानाचे महत्त्व गोव्यातील भूमी-अभिलेखांत विशेष स्पष्ट होते. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीवरील हक्कांच्या नोंदीच्या नमुन्यावर, कब्जेदार, कूळ व इतर हक्क यांचे रकाने असतात, आणि कब्जेदार म्हणून पुष्कळदा व्यक्तीऐवजी गावच्या कोमुनिदादचे (सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेचे) नाव येते. ‘नाईक’ हे आडनाव पोर्तुगीज वळणाच्या रोमी लेखनात ‘के’ने न संपता ‘क्यू-यू-ई’ने संपते, तर ‘कामत’ तेथे ‘कामोतीम’ होतात. केवळ अक्षरजुळणीवर विसंबणारा शोध एकाच घराण्याच्या नोंदी दोन ठिकाणी विखुरतो, आणि ही अडचण मामलेदार कचेरीत नोंदी हाताळणाऱ्या कारकुनाशेजारी बसल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही. तसेच १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून मालकासाठी एकच नाव मावेल असा रकाना ठेवणारी आखणी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली, तरी येथे अपुरी पडते. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरी कोकणी राजभाषा झाली व मराठीचाही शासकीय वापर मान्य झाला. त्यामुळे पडद्यावरील सूचना कोणत्या भाषेत व लिपीत द्याव्यात, हा निर्णयही प्रणाली आखणाऱ्यासमोर येतो.

गोव्यात या विषयाचे शिक्षण फर्मागुढी येथील गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९६७) व गोवा विद्यापीठ (१९८५) यांसारख्या संस्थांत मिळते.

स्वभावगुणांत चिकाटी, गोपनीयतेची जाण आणि प्रणालीच्या मर्यादा आधीच स्पष्ट सांगण्याचे धैर्य यांना अग्रस्थान द्यावे लागेल. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संगणक-व्यावसायिकांच्या संस्थेने १९७२ मध्येच व्यावसायिक आचारसंहिता स्वीकारली, आणि भारतात २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा (डिजिटल पर्सनल डेटा) संरक्षण अधिनियमाने गोपनीयतेच्या अपेक्षेला कायद्याचे बळ दिले. उताऱ्यावर कुळाचे नाव चुकून गळाले, तर त्या माणसाला आपला हक्क नव्याने सिद्ध करत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून जुन्या नोंदी संगणकावर चढवताना मूळ कागदाशी ओळीनओळ ताडून पाहणे हे यांत्रिक काम न मानता व्यावसायिकाच्या जबाबदारीचाच भाग मानणे उचित होय.