फड पद्धत

फड पद्धत : नदीवर बंधारा घालून, पाटाने आणलेले पाणी गावाने मिळून वापरण्याची खानदेशातील पारंपरिक सिंचनपद्धती. तापी खोऱ्यातल्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी, म्हणजे आजचा धुळे जिल्हा आणि नाशिक जिल्ह्यातले बागलाण या भागात, ती सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वी रुजली असे मानतात.

नदीत आडवा बंधारा घालून पाण्याची पातळी जरा उचलायची आणि ते काठच्या कालव्यात वळवायचे, एवढीच यातली बांधणी. कालवे साधारण २ ते १२ किलोमीटर लांबीचे. पुढे पाणी उताराने आपोआप वाहते. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग, आणि उरलेले पाणी सांडव्यावाटे परत नदीत.

खरी कल्पकता आहे ती जमिनीच्या मांडणीत. बंधाऱ्याखालच्या कायम बागायतीचे बहुधा चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडतात. एक फड १० हेक्टरांचा असतो, तसा २०० हेक्टरांचाही. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव दरवर्षी ठरवते. एका फडात एकच पीक घ्यायचे, हा नियम. एखाददुसऱ्या फडात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके. पुढे पिकांची फिरवाफिरव होते, त्यामुळे जमिनीचा कस टिकतो आणि ती पाणथळ वा खारवट होण्याचा धोका कमी राहतो. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून वेगवेगळ्या फडांत तुकड्यांनी विखुरलेली असते. पाणी कमी असले की एखादा फड कोरडा राहतो, पण तो कोणा एकाचा नसतो. त्यात बहुतेकांचा थोडाथोडा वाटा असतो, म्हणून तूटही सगळ्यांच्या वाट्याला येते. पाणीवाटपाचा न्याय असा जमिनीतच आखून ठेवणे ही फार मोठी समज आहे. आपल्या शेतात काय पेरायचे हे एकट्याने ठरवण्याची मोकळीक सोडल्यावरच ती साधते.

पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेताचा मालक दारे धरायला जात नाही. पाटकरी फावड्याने सारंगाच्या तोंडची माती ओढतो, पाणी वाफ्यात शिरते, भेगाळलेली जमीन काळी पडत जाते. वाफा भरला की तीच माती, जोडीला गवताचा पेंढा, परत तोंडाशी दाबायची आणि पुढच्या वाफ्याकडे वळायचे. सगळ्या फडात एकच पीक असल्याने पाण्याची पाळीही एकच. कोणाला आज हवे, कोणाला आठ दिवसांनी, असा प्रश्न येत नाही. पिकाची राखण जागल्या करतो. हंगामाआधी कालव्यातला गाळ काढणे हे साऱ्यांचे काम.

विसाव्या शतकात नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली: पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. बंधाऱ्यात येणारे पाणी मग धरणातून सुटणाऱ्या आवर्तनावर अवलंबून राहू लागले. त्यात विहिरी वाढल्या, वीजपंप आले. पाणी स्वतःच्या बांधावर मिळू लागल्यावर फडाचे पीक पाळण्याची निकड उरली नाही. कांदा आणि डाळिंब बागलाणात झपाट्याने पसरले. उसाच्या फडात मधेच चार वाफे कांद्याचे आले, की पाटकऱ्याला एकाच चारीतून दोन वेगळ्या पाळ्या सांभाळाव्या लागतात, आणि नेमकी तिथेच वाटपाची घडी विस्कटते.