पर-सीपीयू काउंटर

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, एकाच गोष्टीची मोजणी प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या खान्यात ठेवण्याची पद्धत. नेटवर्कवरून आलेली पॅकेट्स, पेज फॉल्ट (हवे ते मेमरीचे पान जागेवर नसण्याचे प्रसंग), डिस्कवरचे मोकळे ब्लॉक यांचे आकडे सतत बदलतात, पण एकूण बेरीज क्वचितच लागते. त्यामुळे वाचन महाग पडले तरी चालते, वाढवणे मात्र स्वस्तच हवे.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराला चार दरवाजे आहेत. आत किती भाविक आहेत ते मोजायला चौघांनी मिळून एकच वही वापरली, तर सगळा वेळ वही पोहोचवण्यात जाईल. दरवाजागणिक वही दिली की खोळंबा मिटतो. महाद्वारातून आत गेलेला भाविक घाटी दरवाजाने बाहेर पडला तर घाटीच्या वहीत उणे एक दिसेल, आणि ते बरोबरच आहे. अर्थ असतो तो फक्त बेरजेला.

प्रोसेसरांमध्ये फिरणारी ही वही म्हणजे कॅश लाइन, प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो ठरावीक मापाचा तुकडा. ८ बाइटचे खाने साध्या अ‍ॅरेत ओळीने मांडले, तर एक्स८६च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या घराण्याच्या) ६४ बाइटच्या लाइनमध्ये आठ प्रोसेसरांचे खाने एकत्र येतात आणि वेगळेपणाचा फायदाच बुडतो. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरांवर लाइन १२८ बाइटची, त्यांच्याच एस३९०एक्स मेनफ्रेमवर २५६ बाइटची. तिथे ही गर्दी आणखी वाढते. म्हणून प्रत्येक प्रोसेसरसाठी मेमरीचा स्वतंत्र भाग राखतात.

खरी मेख वाढवण्याच्या क्षणी असते. ६४-बिट एक्स८६वर जीएस सेगमेंटच्या (त्या प्रोसेसरच्या मेमरीभागाची सुरुवात सांगणाऱ्या रजिस्टरच्या) आधाराने पत्ता काढणे आणि बेरीज करणे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये उरकते. इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) मध्ये घुसू शकत नाही, आणि खाना त्याच प्रोसेसरचा असल्याने इतर प्रोसेसरांना रोखणारा लॉक प्रीफिक्सही लागत नाही. आर्म६४वर (६४-बिट आर्म प्रोसेसरांवर) खान्याचा पत्ता आधी टीपीआयडीआर रजिस्टरवरून काढावा लागतो. पत्ता काढल्यावर थ्रेड (चालू असलेले काम) दुसऱ्या प्रोसेसरवर गेला, तर तो परक्या खान्यात लिहील. म्हणून लिनक्स तेवढ्यापुरते प्रीएम्प्शन (एक थ्रेड मध्येच थांबवून दुसरा चालवणे) बंद ठेवते आणि बेरीज अ‍ॅटॉमिक, म्हणजे अर्धवट न राहणाऱ्या, इन्स्ट्रक्शनने करते. खास कोड नसलेल्या आर्किटेक्चरवर इंटरप्ट बंद करून साधे वाचा-वाढवा-लिहा चालते.

लिनक्सच्या 'पर्सीपीयू काउंटर'मध्ये खान्यातला आकडा ठरावीक बॅचला पोहोचला की सामायिक बेरजेत ओततात. बॅच ३२ किंवा प्रोसेसरांच्या दुप्पट, यांपैकी मोठी. ६४ प्रोसेसरांवर ती १२८ होते, म्हणजे झटपट वाचनात ८,१९२ च्या आतबाहेर फरक पडू शकतो. आलेखासाठी हे चालते, जागा संपत आलेल्या डिस्कला चालत नाही. म्हणून ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम मोकळे ब्लॉक कमी उरले की लॉक घेऊन सगळे खाने मोजते.

३२-बिट यंत्रावर ६४-बिट आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो. नेमका तेव्हाच हातचा गेला, तर ४२९ कोटींच्या जागी शून्य दिसते. यावर सीक्वेन्स काउंटर (प्रत्येक बदलागणिक पुढे सरकणारा क्रमांक) ठेवून, मध्ये बदल झाल्यास पुन्हा वाचतात. प्रोसेसर बंद केला तर त्याचा खाना सामायिक बेरजेत मिळवावाच लागतो, नाहीतर ती मोजणी हरवते. आणि दुसऱ्या प्रोसेसरचा खाना बाहेरून शून्य करू नये: त्याच क्षणी तिथे वाढ चालू असेल, तर जुना आकडा परत लिहिला जातो. त्यापेक्षा मागचे वाचन टिपून ठेवावे आणि पुढच्या वाचनातून वजा करावे.