तिवराच्या पानावरचं मीठ

बायोलॉजीची फील्ड ट्रिप म्हटली की मुलांना राणीची बाग नाहीतर नॅशनल पार्क आठवतं, घराजवळची ठाणे खाडी मात्र फक्त वासावरून माहीत. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात सगळे जातात ते फ्लेमिंगो बघायला, आमच्या नववीच्या वर्गाला आम्ही मुद्दाम झाडं बघायला नेलं आणि तेही ओहोटीची वेळ बघून, कारण भरतीला निम्मा अभ्यास पाण्याखाली जातो.

इथे जिकडेतिकडे तिवर, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं खारफुटीचं झाड. फांदीवरचं पान न तोडता नुसतं तिरकं धरून बघा, उन्हात मिठाचे बारीक खडे चमकतात. एकाने लगेच जीभ लावली, "सर, खरंच खारट!" (खाडीत काय काय सोडतात ते बघता हा प्रयोग बोटानेच केलेला बरा.) समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आपली कुंडीतली तुळस त्यात चार दिवस टिकणार नाही. तिवर काय करतं, तर 90 टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशीच अडवतं आणि तरी जे आत शिरतं ते पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतं, मग पाणी उडून जातं, खडे राहतात. पावसाळ्यात मीठ धुऊन जातं म्हणून हे बघायचं तर कोरड्या दिवसांतच जायचं. कांदळ हीसुद्धा खारफुटीच, पण त्याला अशा ग्रंथी नसतात, त्याची सगळी भिस्त मुळांच्या गाळणीवर.

चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखं जे वर आलेलं दिसतं ना, ती तिवराची श्वासमुळं. एकेका मोठ्या झाडाला हजारो असतात. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच आणि तिथले ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्यासारखा तो वास त्याचाच, सगळा दोष गटाराला देऊ नका. श्वासमुळांवरच्या बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते आणि खालच्या मुळांपर्यंत पोचते. मुलांनी लगेच दाखवलं, कितीतरी मुळांवर प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे छिद्रंच बंद.

बिया बघायच्या असतील तर मात्र पावसाळ्यातच यावं लागेल. तिवराचं बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजायला लागतं, खाली पडलं की साल सुटते, ते पाण्यावर तरंगत जातं आणि चिखल मिळाला की तिथेच मूळ धरतं.