पायाखालची फळी सरकते तेव्हा

व्हिडिओ गेम बनवायला नुकतीच सुरुवात केलेला जवळपास प्रत्येक जण सरकत्या फळीपाशी अडतो. फळी डावी-उजवी सरकवायला दहा मिनिटं पुरतात. तिच्यावर हिरो उभा केला की फळी आपली निघून जाते, हिरो जागच्या जागी राहतो आणि धप्पकन खाली पडतो. माझ्या पहिल्या गेममध्ये हेच झालं. चूक शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि चूक नव्हतीच. घर्षण नावाची गोष्ट त्या प्रोग्रॅमला कुणी सांगितलीच नव्हती. फळीवर उभा असलेला फळीबरोबर जातो, हे कॉम्प्युटरला वेगळं शिकवावं लागतं. ते कसं शिकवायचं, याची उत्तरं गेली चाळीसेक वर्षं बदलत आली आहेत.

१९८० च्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये मजले होते, शिड्या होत्या, पण उडीच नव्हती. उडी आली ती १९८१ साली निन्टेन्डोच्या ‘डाँकी काँग’मध्ये. शिगेरू मियामोतो यांच्या या आर्केड गेममध्ये चार पडदे होते, आणि त्यातल्या ७५ मीटरच्या पडद्यावर लिफ्ट होत्या. डावीकडच्या वर जाणाऱ्या, त्यापलीकडच्या खाली येणाऱ्या. थोड्याशा उंचीवरून पडला तरी हिरो मरायचा, त्यामुळे खाली जाणाऱ्या लिफ्टवर उडी टाकायला उशीर झाला की खेळ खलास. इथे खेळाडूला अंतराबरोबर वेळेचाही अंदाज घ्यावा लागला.

त्याच वर्षी कोनामीचा ‘फ्रॉगर’ आला. त्याला कुणी प्लॅटफॉर्म गेम (म्हणजे फळ्यांवरून उड्या मारत जायचा खेळ) म्हणत नाही, पण आडव्या सरकत्या फळीचा पूर्वज शोधायचा तर मी तिथेच बोट ठेवीन. नदीतल्या ओंडक्यावर बेडूक बसला की ओंडका त्याला वाहून नेतो, आणि वेळेत उडी मारली नाही तर पडद्याबाहेर नेऊन मारतो. कासवांच्या पाठीवर बसावं, तर त्यातली काही मधेच बुडी मारतात.

मग १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर, ‘कॅसेट’ फुंकून फुंकून जो खेळला जायचा, तो हाच. १-२ च्या, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या टप्प्याच्या, शेवटाकडे वर-खाली जाणाऱ्या फळ्या आठवतात? तिथूनच उडी मारून छताच्या विटांवरून पळत वॉर्प झोन, म्हणजे पुढच्या वर्ल्डमध्ये थेट नेणारी चोरवाट, गाठायचा आणि सरळ चौथं वर्ल्ड उघडायचं. आडव्या फळ्या १-३ मध्ये भेटतात. त्यांच्यामागचं गणित अगदी साधं आहे: या फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका क्षणचित्रात) फळी किती सरकली तो आकडा जपून ठेवायचा, आणि मारिओ तिच्यावर उभा असेल तर तेवढाच आकडा त्याच्या जागेत मिळवायचा. बस्स.

गोम अशी, की मारिओची जागा बदलते, वेग बदलत नाही. फळीवरून उडी मारल्या क्षणी फळीशी त्याचा संबंध तुटतो. खऱ्या जगात असं होत नाही. धावत्या लोकलमधून उतरलेला माणूस चार पावलं पुढे पळतो ते उगाच नाही, गाडीचा वेग त्याच्या अंगात असतो. गॅलिलिओने १६३२ सालीच लिहून ठेवलं होतं की चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड डोलकाठीच्या पायथ्याशीच पडतो. मारिओच्या जगात तो मागे समुद्रात पडला असता! पण तक्रार कुणीच केली नाही, कारण उडी कुठे पडणार हे बोटांना आधीच कळत होतं. गेममध्ये त्याचं मोल भौतिकशास्त्रापेक्षा जास्त.

कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’ने (१९८७) फळीलाच बेइमान केलं. गट्स मॅन या खलनायकाच्या स्टेजच्या सुरुवातीलाच रुळावरून धावणाऱ्या फळ्या आहेत. रूळ जिथे तुटलेला, तिथे फळी खाली कलंडते, आणि त्या क्षणी तुम्ही हवेत नसाल तर खड्ड्यात. कितीतरी जणांचा गेम तिथेच संपला असेल. ‘सॉनिक’मध्ये (१९९१) आणखी एक धोका भेटतो: सरकता ठोकळा आणि भिंत यांच्यामध्ये सापडलात तर चिरडून मरण, मग खिशात एरवी जीव वाचवणाऱ्या कितीही रिंग असोत.

थ्रीडीत फळी गोल फिरायला लागली, म्हणजे हिरोला नुसतं सरकवून भागेना, वळवावंही लागलं. ‘सुपर मारिओ ६४’मधल्या (१९९६) टिक टॉक क्लॉक या टप्प्यात तर घड्याळात शिरताना मिनिटकाटा कुठे आहे त्यावर आतल्या फळ्यांचा वेग ठरतो. तीनवर असेल तर संथ, नऊवर वेगात, सहावर लहरी. बारावर शिरलात तर सगळं ठप्प. तिथे मिळवायचे काही तारे त्यामुळे सोपे होतात, काही अवघड.

अंगातला वेग हिरोला खऱ्या अर्थाने वापरू दिला तो ‘सेलेस्ट’ने (२०१८). असं करणारा तो पहिलाच नव्हे, पण इतक्या आपलेपणाने कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. पहिल्याच प्रकरणात सिग्नलसारखे दिवे असलेले ठोकळे आहेत. पाय पडला की झर्रकन पुढे जातात आणि मग रमतगमत परत येतात. पुढे जाताना उडी मारली तर ठोकळ्याचा वेग उडीत उतरतो आणि तुम्ही एरवी न झेपणारं अंतर पार करता. ठोकळा थांबल्यावरही काही फ्रेमपर्यंत तो वेग जपून ठेवलेला असतो, म्हणजे बोट जरा उशिरा पडलं तरी चालतं. ‘सेलेस्ट’ बनवणाऱ्या मॅडी थॉर्सन यांनी यामागची रचना खुलेपणाने लिहून ठेवली आहे. जगात दोनच जाती, ‘ॲक्टर’ आणि ‘सॉलिड’. सॉलिड सरकताना वाटेत ॲक्टर आला तर त्याला ढकलतो, पाठीवर असेल तर वाहून नेतो. ढकलताना ॲक्टर दुसऱ्या सॉलिडवर आदळला तर चिरडला गेला असं धरायचं. माझ्या त्या दोन संध्याकाळी या एवढ्याशा नियमांनी वाचल्या असत्या.

आता गोडो ४ सारख्या गेम बनवायच्या फुकट इंजिनात हिरोच्या सेटिंगमध्येच विचारलेलं असतं: फळी सोडताना तिचा वेग घ्यायचा, खाली जाणारा भाग वगळून घ्यायचा, की काहीच नाही? आपण काही निवडलं नाही, तर इंजिन वेग घेतं, लोकलमधून उतरणाऱ्यासारखा. मी मात्र दर वेळी तिसरा पर्याय निवडतो. हात मारिओवर बसलेत.