एचपी जास्त, म्हणून गाडी दणकट?

जालन्यापासून उदगीरपर्यंत गॅरेजसमोर एक सल्ला हमखास मिळतो: "एचपी जास्त असलेली घ्या, चिखलात अडकत नाही अन् लवकर बिघडतही नाही." यातलं दोन्ही चूक आहे.

एचपी, म्हणजे हॉर्सपॉवर, निघतो टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) आणि इंजिनच्या फेऱ्यांच्या गुणाकारातून. बोलेरोचे ७५ एचपी मिनिटाला ३६०० फेऱ्यांना मिळतात. २१० न्यूटन-मीटर टॉर्क मात्र १६०० पासूनच. पाणंदीतून गाडी ओढतो तो हा टॉर्क आणि पहिला गिअर. पावसाळ्यात काळी माती टायरच्या खाचांत बसली की टायर गोटा होतो. मग ॲक्सिलरेटर दाबला तर चाक जागीच फिरतं, गाडी आणखी रुतते. तिथं १३० एचपीसुद्धा खड्डाच खोल करणार.

टिकण्याचं म्हणाल तर ते फिल्टर, ऑइल, कूलंटवर. उन्हाळ्यातला फुफाटा एअर फिल्टरमध्ये भरतो. फिल्टर फाटका असेल तर तीच धूळ पिस्टन रिंगा झिजवते, गाडी ऑइल प्यायला लागते. शोरूममध्ये हे कोण सांगतंय! रेडिएटरच्या जाळीतला कचराही अधूनमधून धुऊन काढा. धार मात्र हलकी ठेवा, नाहीतर जाळीच्या पत्र्या वाकतात.