रॅमसाठी दुसरा आणि चौथा स्लॉटच का?

डेस्कटॉपचा एखादा भाग पहिल्यांदाच स्वतः बदलायचा असेल, तर रॅमपासून सुरुवात करावी. स्क्रू नाही, पेस्ट नाही, केबल नाही. मात्र ‘रॅम दुप्पट, की वेग दुप्पट’ हा समज आधी सोडा. टास्क मॅनेजरमध्ये रोजच्या कामात निम्मी मेमरीही भरत नसेल, तर क्षमता वाढवून काही हाती लागणार नाही. आणि विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर आधी एसएसडी घ्या. रॅम ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअरं म्हणजे तर निव्वळ अंगारे-धुपारे. कामाचा डेटा ती बाहेर ढकलतात आणि मग तोच पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो.

घरगुती मदरबोर्डवर बहुधा रॅमचे दोन चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपर्यंतचे डेटाचे रस्ते, असतात, प्रत्येक 64 बिट रुंद. डीडीआर4-3200 रॅम (चौथ्या पिढीची, प्रत्येक तारेवरून सेकंदाला 3200 दशलक्ष बिट पाठवणारी) एका चॅनेलवरून सेकंदाला कमाल 25.6 जीबी डेटा देते, दोन्हींवरून 51.2. म्हणून 16 जीबीच्या एका पट्टीपेक्षा 8 जीबीच्या दोन बऱ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील, तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा (पुस्तिकेत ए2 आणि बी2; अक्षर चॅनेलचं). पहिल्या-तिसऱ्यातही दोन्ही चॅनेल चालतात, मग हा हट्ट कशाला?

बहुतेक बोर्डांवर एका चॅनेलच्या तारा आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढे लांबच्या स्लॉटला जातात. बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंमी धावतो. 3200 च्या वेगाला एक बिट 0.31 नॅनोसेकंद टिकतो, म्हणजे तारेवर त्याची लांबी पाच सेंटिमीटरही भरत नाही! आता पट्टी जवळच्या स्लॉटमध्ये लावली, तर पुढची सुमारे सेंटिमीटरभर तार उघडीच राहते. सिग्नल तिच्यातही शिरतो, मोकळ्या टोकावर आपटतो आणि विहिरीत मारलेल्या हाकेसारखा परत येतो, सुमारे 0.13 नॅनोसेकंद उशिरा. या प्रतिध्वनीची शेपटी पुढच्या बिटात घुसते. डीडीआर5-6000 वर बिट अवघा 0.17 नॅनोसेकंदाचा, म्हणजे गोंधळ आणखी मोठा. पट्टी लांबच्या स्लॉटमध्ये असेल, तर तारेच्या शेवटी तिच्या चिपमधले रोधक सिग्नल शोषून घेतात. काही बोर्डांवर तारांची फांदी वेगळ्या रीतीने फुटते, म्हणून मदरबोर्डच्या पुस्तिकेतला तक्ता पाहाच.

लावताना कॉम्प्युटर बंद करा, केबल काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. डीडीआर4 आणि डीडीआर5 ची खाच वेगवेगळ्या जागी असते. जुळत नसेल तर जोर करू नका. जुळली, की मात्र दोन्ही टोकं ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: एक टोक बसतं, दुसरं अर्धवट राहतं आणि स्क्रीन काळी.

पट्ट्या नीट बसूनही पहिल्यांदा स्क्रीन काळी राहू शकते. प्रोसेसर तेव्हा प्रत्येक तारेची वेळ जुळवत असतो, आणि डीडीआर5 ला यात काही मिनिटं सहज जातात. दहा मिनिटं तरी वीज तोडू नका.

मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे पट्टीत साठवलेली जाहीर वेगाची सेटिंग, चालू करा, नाहीतर 3600 ची पट्टी 2133 किंवा 2400 वरच रेंगाळते. शेवटी रॅम तपासणारं मेमटेस्ट86 चालवा. एक जरी चूक दिसली, तरी वेग एक पायरी उतरवा आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या.