तीनशेतीनची मींड

जपानच्या रोलंड कंपनीने १९८१च्या अखेरीस टीबी-३०३ हा चंदेरी प्लास्टिकचा छोटा सिंथेसायझर (विजेवर स्वर निर्माण करणारं वाद्य) बाजारात आणला. घरी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू. ताडाओ किकुमोटो यांनी घडवलेल्या या यंत्राचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. सुमारे १०,००० नग बनले आणि १९८४मध्ये उत्पादन थांबलं. पुढे शिकागोच्या तरुणांनी ही यंत्रं पडत्या भावात उचलली आणि १९८७मध्ये त्यातूनच ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नवं नृत्यसंगीत जन्माला आलं. ती गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला जास्त ओढ आहे ती डब्याच्या आत काय चालतं याची.

या यंत्रात स्वर म्हणजे विजेचा दाब. एक सप्तक वर जायचं तर दाब १ व्होल्टने वाढतो, म्हणजे पेटीवरच्या (काळ्या-पांढऱ्या धरून) लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये फरक साधारण ८३ मिलिव्होल्टचा. दोन स्वर ‘स्लाइड’ने, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर घसरत, जोडले की हा दाब थेट उडी मारत नाही. तो रेझिस्टरमधून (विजेला अडवणारा घटक) वाट काढत कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा घटक) भरतो. बारीक तोटीने रांजण भरावा तसा. तोटी किती बारीक आणि रांजण केवढा, यावर वेळ ठरतो. रोलंडने तो कायमचा ठरवून टाकला होता.

‘अ‍ॅक्सेंट’ची गंमत याहून सुंदर आहे. आघाताचा स्वर आला की एका कपॅसिटरमध्ये भार साठतो आणि त्या दाबाने फिल्टर (आवाजातला तीव्र भाग गाळणारा भाग) जास्त उघडतो, आवाजाला धार येते. आता लागोपाठ आघात दिले तर? आधीचा भार पुरता ओसरलेला नसतो, तेवढ्यात नवा येऊन पडतो. रिकामा होत असलेल्या रांजणात आणखी एक तांब्या. म्हणून दुसरा आघात पहिल्यापेक्षा वर चढतो, तिसरा त्याहून वर. एका साध्या घटकाच्या ‘आठवणी’तून लयीला चढ येतो. हे मला अतिशय देखणं वाटतं.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे रॉबिन व्हिटल यांनी १९९३मध्ये याच यंत्राला हात घातला. त्यांच्या बदलाचं नाव ‘डेव्हिल फिश’. लोक आपली यंत्रं त्यांच्याकडे पाठवत; ते झाकणाला भोकं पाडून नवे नॉब बसवत. स्लाइडचा ठरलेला वेळ आता बोटांनी लांबवता येऊ लागला. स्वराची सुरुवात मऊ करता येऊ लागली, आघाती स्वर किती वेळात विरावा याला स्वतंत्र नॉब मिळाला. शिवाय बाहेर पडणारा आवाजच फिल्टरला परत पाजायची सोय केली. तो नॉब चढवला की सुरेल बेस गुरगुरायला लागतो. मूळ यंत्रात फिल्टर स्वतःहून शिट्टी वाजवण्याच्या जरा अलीकडे थांबतो, इथे तो ती सीमा ओलांडू शकतो. यातले बहुतेक स्वभाव मूळ सर्किटमध्येच दडलेले होते, ठरावीक रोधाच्या रेझिस्टरनी त्यांना बांधून ठेवलं होतं.

अ‍ॅसिड हाउसच्या पाच वर्षं आधी, १९८२मध्ये, मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ३०३, रोलंडचंच तालयंत्र टीआर-८०८ आणि सिंथेसायझर ज्युपिटर-८ एकत्र आणून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, त्यात तोडीही होता, ललतही. त्यांच्या हाती होतं ते मूळ यंत्र, ठरीव वेळेच्या स्लाइडचं.

व्हिटल यांचा नॉब फिरवून स्लाइड लांबवली तरी कपॅसिटर आपला धर्म सोडत नाही. आधी झपकन धावतो आणि मुक्काम जवळ आला की रेंगाळतो. शिवाय षड्जावरून ऋषभावर जायला जेवढा वेळ, तेवढाच थेट तार षड्जावर जायला. गायक मात्र मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाताना, वाटेत कुठे थांबायचं, कुठे घाई करायची हे दर वेळी नव्याने ठरवतो.